रानातल्या शिकारी पक्ष्यांचे आवाज रेकॉर्ड करणं : जांबोटी, कणकुंबी, चोर्ला पट्टा

जांबोटीरोड

नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीपासून चोर्ल्याच्या माथ्यापर्यंतच्या रानात सर्पगरुड, मोरघार, तुरेवाला बाज आणि जमल्यास घुबडं यांचे आवाज रेकॉर्ड करायचे आहेत. हाताशी आहे ते असं : मुठीत मावणारा रेकॉर्डर, त्यावरचेच दोन माइक, फोमची टोपी, हलका ट्रायपॉड. फाइल येते ती अशी : सर्पगरुडाची शीळ लांबून, बारीक, तिच्यावर सतत सूंऽऽ, वारा आला की धडधड. गेन (आवाज मोठा करायचं बटण) वाढवला की सूंपण वाढतो. दोन फाइली जोडल्या आहेत, पहिली सकाळी दहाची, दुसरी पहाटे सव्वासहाची. दोन्हीत सर्पगरुड आहे.

शॉटगन माइक (समोरच्या दिशेचं ऐकणारा लांब नळीचा) घ्यावा की छत्री (आवाज गोळा करणारी खोलगट पॅराबोलिक थाळी)? घुबडांना तेच सामान चालेल का? रेकॉर्डर झाडाला बांधून ठेवता येतो म्हणतात, त्याचं काय? आणि भीमगड अभयारण्याच्या हद्दीत कुणाला विचारायचं? बजेट पंचवीस हजारांच्या आत.

कंडेन्सर

पहिली फाइल ऐकली. तो सूं रानाचा नाही, माइकचा आणि त्यामागच्या प्रीअँपचा (माइकचा क्षीण आवाज मोठा करणाऱ्या भागाचा) आहे. खात्री करायची तर रात्री दोननंतर पंखा-फ्रीज बंद करा, रेकॉर्डर गाद्यांच्या ढिगात ठेवा आणि रानात होता तेवढ्याच गेनवर एक मिनिट रेकॉर्ड करा. तोच सूं मिळेल.

प्रत्येक माइकचा स्वतःचा गोंगाट डेसिबलमध्ये कागदावर छापलेला असतो. मुठीतल्या रेकॉर्डरवरच्या माइकना तो बहुतेक वेळा वीसच्या वर असतो, चांगल्या माइकना पंधराच्या खाली. गरुडाची शीळ तुमच्यापर्यंत पोचते तेव्हा ती या गोंगाटाच्या जेमतेम वर असते. गेनचं बटण दोघांनाही सारखंच मोठं करतं, म्हणून सुटका होत नाही.

आता अंतराचा हिशेब. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो. ५० मीटरवरचा पक्षी ४०० मीटरवर गेला म्हणजे तीनदा दुप्पट, १८ डेसिबल गेले. मधल्या पानोळ्यात उंच पट्टीचा भाग आणखी गळतो तो वेगळाच. हे १८ भरून काढायचे मार्ग तीनच : जवळ जाणं (गरुडाच्या बाबतीत विसरा), कमी गोंगाटाचा माइक, किंवा आवाज गोळा करणारी छत्री.

सेटिंग : वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. एमपी३ नको. ऑटो गेन आणि लिमिटर दोन्ही बंद. ऑटो गेन काय करतो, तर पक्षी गप्प असताना गोंगाट वर ओढतो आणि शीळ सुरू झाली की दचकून खाली पाडतो. प्रत्येक शिळेनंतर श्वास घेतल्यासारखा हूंऽऽ ऐकू येतो. तुमच्या पहिल्या फाइलीत तो आहे. गेन हाताने असा लावा की जवळपासच्या मोठ्यात मोठ्या आवाजाला रेकॉर्डरचा काटा −१२ डेसिबलच्या आसपास थांबेल. लांबच्या गरुडाला तो −३० वरच घुटमळेल, घुटमळू दे, २४ बिटमध्ये नंतर उचलता येतं. पक्षी बोलत असताना मात्र बटणाला हात लावायचा नाही.

हल्ली ३२ बिट फ्लोटचे रेकॉर्डर आलेत, झूम एफ३ सारखे, त्यात गेन लावायची भानगडच नाही. आवाज फाटत नाही एवढाच त्याचा फायदा. सूं कमी होईल या आशेवर कुणी घेऊ नये.

छत्रीकर

सर्पगरुड, मोरघार, शिक्रा यांच्यासाठी डोळे झाकून छत्री. त्यांच्या शिळेचा जोर साधारण दोन-तीन किलोहर्ट्झच्या आसपास असतो आणि छत्री नेमकी तिथेच कामाला येते.

कारण असं. छत्रीचा व्यास आणि लहरीची लांबी यांचा मेळ बसावा लागतो. आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला तर दोन किलोहर्ट्झची लहर १७ सेंटिमीटरची. ५६ सेंटिमीटरच्या छत्रीत ती आरामात सापडते, पंधराएक डेसिबलचा फायदा मिळतो. वारंवारता निम्मी झाली की फायदा सहा डेसिबलने कमी. ६०० हर्ट्झच्या खाली लहर छत्रीएवढीच किंवा तिच्याहून मोठी होते, मग छत्री असून नसल्यासारखी.

तयार छत्र्या तेलिंगा, डोडोट्रॉनिक वगैरेंच्या मिळतात, पण बाहेरून मागवायच्या म्हणजे तुमचं बजेट तिथेच संपलं. घरी करायची तर पॉलिकार्बोनेटचा किंवा ॲक्रिलिकचा पॅराबोला आणि प्रायमो ईएम२७२ कॅप्सूल (सुटा, छोटा माइक). दहा मिलिमीटरची गोटी आहे, स्वतःचा गोंगाट १४ डेसिबल, रेकॉर्डरच्या माइक जॅकमधून मिळणाऱ्या विजेवर, म्हणजे प्लग-इन पॉवरवर चालते. तुमच्या रेकॉर्डरच्या मेनूत प्लग-इन पॉवर चालू करायला विसरू नका, नाहीतर 'कॅप्सूल खराब निघाली' म्हणून दुसरा धागा निघेल.

केंद्र (छत्रीच्या तळापासून जिथे आवाज एकवटतो ती जागा) काढायचं सूत्र : व्यासाचा वर्ग भागिले खोलीची सोळा पट. व्यास ५६, खोली १४ असेल तर ३१३६ भागिले २२४, म्हणजे १४ सेंटिमीटर. केंद्र काठाच्या पातळीतच आलं, हे सोयीचं माप. कॅप्सूलचं तोंड छत्रीच्या पोटाकडे, पक्ष्याकडे नाही. ही चूक अर्धे लोक करतात. मग मैदानात ३० मीटरवर मोबाइलवर रेडिओच्या खरखरीसारखा आवाज लावून ठेवा, हेडफोन घाला आणि कॅप्सूल दोन-दोन मिलिमीटर पुढेमागे सरकवा. खरखर एकदम टोकदार होते ती जागा. तिथे मार्करने खूण.

दोन इशारे. गच्चीवरची डीटीएचची जुनी छत्री वापरू नका. ती तिरक्या बांधणीची असते, केंद्र खाली एका बाजूला असतं, नेम कुठे धरायचा तेच कळत नाही. आणि स्टीलची परात किंवा चकचकीत ॲल्युमिनियम घेणाऱ्यांनी सूर्याकडे तोंड करू नये. फोम वितळतो, माइकही जातो. घिरट्या घालणारा गरुड दहा वाजता सूर्याच्या बाजूलाच असतो, हे लक्षात असू द्या.

मलप्रभाकाठ

छत्रीकरांशी निम्मं सहमत. सड्यावर (कातळाच्या पठारावर), मोकळ्यावर छत्री ठीक. पण कणकुंबीच्या पुढे कारवीत आणि बांबूत शिरलात की ५६ सेंटिमीटरची थाळी घेऊन दोन पावलं चालता येत नाही. प्रत्येक काटकी तिच्यावर टण्णकन वाजते. तिथे शॉटगनच. शिवाय छत्रीचा आवाज खरा नसतो; खालचा भाग गळालेला, वरचा फुगवलेला. ज्यांना आवाजाचा पोत अभ्यासायचा आहे त्यांनी हे ध्यानात घ्यावं.

शॉटगनबद्दल एक गैरसमज मात्र काढायला हवा. तो दुर्बिणीसारखा आवाज जवळ आणत नाही. बाजूचे आवाज कमी करतो, एवढंच. तेही नळीच्या लांबीवर अवलंबून. २५ सेंटिमीटरच्या नळीचा दिशेचा गुण सुमारे १४०० हर्ट्झच्या वरच दिसतो. खाली तो साधा माइक.

छत्रीकर

कारवीतून गरुड रेकॉर्ड करायचाच कशाला? तिथे उभं राहून आभाळ तरी दिसतं का?

घाटमाथा

भांडू नका, मुद्दा वेगळाच आहे. सामान कुठलंही घ्या, कुठे आणि किती वाजता बसता यावर फाइल ठरते.

या पट्ट्यात शिकारी पक्षी बोलके होतात ते डिसेंबर ते मार्च. जोड्या जमतात, हद्दी आखल्या जातात, घरटी होतात. जानेवारीत बेळगावात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. सर्पगरुड आणि मोरघार पहिले दोन तास फांदीवर बसून असतात, अधूनमधून बोलतात. साडेनऊनंतर कातळ तापतो, गरम हवा वर चढायला लागते आणि गरुड घिरट्या घालू लागतात. सर्पगरुडाची ती खणखणीत दोन-तीन सुरांची शीळ याच वेळी, साडेनऊ ते अकरा. अकरानंतर पक्षी इतका वर जातो की शीळ ऐकू येते पण फाइलीत येत नाही, आणि वाराही सुटतो.

म्हणजे हाताशी दीड तास. तो चालण्यात घालवायचा नाही.

जागा अशी निवडा : सड्याची कडा, खाली दरी. दरीतून वर चढणारा पक्षी एका क्षणी तुमच्या डोळ्यांच्या रेषेत येतो, तेव्हा अंतर सगळ्यात कमी असतं. पण अगदी कडेवर उभे राहाल तर वारा माइकच्या तोंडात. कडेपासून वीस-तीस मीटर खाली, वाऱ्याच्या आडोशाला, पाठीमागे खडक किंवा दाट झुडूप घेऊन बसा. पाठीमागचा खडक चोर्ला रस्त्यावरच्या ट्रकांचा आवाजही अडवतो. ओढा दिसला तर तिथून दोनशे मीटर सरका. ओढ्याची खळखळ कानाला गोड लागते, फाइलीत तीच पांढरा गोंगाट होऊन शीळ खाते.

वाऱ्यासाठी नुसता फोम पुरत नाही. त्यावर केसाळ टोपी हवीच. रेनकोटच्या कापडाचं जॅकेट, वेल्क्रोचे खिसे, मोबाइलची थरथर, हे सगळं फाइलीत येतं. सुती कपडे घाला आणि बसायला पोत्याचा तुकडा न्या. सागाच्या वाळक्या पानांवर बूड हलवलं तरी फटाका फुटल्यासारखं येतं. मोबाइल एअरप्लेन मोडवर. रेंज शोधणाऱ्या मोबाइलची टटट्-टटट् केबलमधून फाइलीत शिरते, आणि कणकुंबीच्या पुढे मोबाइल सारखी रेंजच शोधत असतो.

पक्षी येतोय याची वर्दी दुसरेच देतात. शेकरू खडखडायला लागलं, सातभाईंचा कालवा झाला, बुलबुल झाडीत घुसले, की रेकॉर्ड दाबा. शीळ ऐकून दाबाल तर पहिली शीळ गेली. रेकॉर्डरमध्ये प्री-रेकॉर्ड सोय असेल तर ती चालू ठेवा, दाबण्याआधीची दोन सेकंदं वाचतात.

मार्चअखेर हे सगळं आवरतं घ्या. सिकाडा सुरू झाले की संपलं. त्यांचा करवती आवाज चार किलोहर्ट्झच्या पुढे भिंत उभी करतो. तुरेवाल्या बाजाची बारीक किंकाळी त्या भिंतीत गाडली जाते.

उषाताई_खानापूर

घाटमाथाअण्णा, काळ्या गरुडाबद्दल एक ओळ टाका की. नवीन मंडळी त्याच्यासाठी तासन्‌तास बसतात.

घाटमाथा

होय ताई. काळा गरुड, मधुबाज ही मुकी मंडळी. काळा गरुड झाडाच्या शेंड्यांना पोट घासत जातो, हातभर अंतरावरून गेला तरी बोलत नाही. त्याचा आवाज मिळतो तो बहुधा घरट्याजवळ, आणि तिथे आपण जायचं नसतं. त्यामुळे त्याची फाइल नसणं हे चांगलंच लक्षण समजा.

रातवा

घुबडांसाठी वेगळं सांगतो, कारण वरचं निम्मं शहाणपण इथे उलटं होतं.

मोठ्या घुबडांचा घुमारा फार खालच्या सप्तकात असतो. मत्स्यघुबड, रानातलं मोठं शिंगवालं घुबड, यांचा जोर दोनशे-तीनशे हर्ट्झच्या आसपास. छत्रीकरांनीच हिशेब दिलाय : तिथे छत्रीचा उपयोग शून्य. शॉटगनचाही दिशेचा गुण तिथे नाही. घुबडांना साधा, कमी गोंगाटाचा, सगळीकडचं ऐकणारा माइक लागतो. दोन ईएम२७२ एका फळीच्या दोन टोकांना, मधे वीतभर अंतर, एवढ्यावर उत्तम काम होतं.

आणि मुख्य गोष्ट : रेकॉर्डरमधला लो-कट (खालचे सूर कापणारी सोय) बंद करा. दिवसा गरुडासाठी तो १५० हर्ट्झवर लावलेला असतो, वाऱ्याची धडधड कापायला. संध्याकाळी तसाच राहिला की मत्स्यघुबडाचं पोट कापलं जातं आणि फाइलीत नुसतं 'हुप्' उरतं. लो-कट लागलेली फाइल नंतर दुरुस्त होत नाही.

कुणाचं काय ऐकायचं ते थोडक्यात. तपकिरी ससाणा-घुबड : ऊ-उक्, ऊ-उक्, दुसरा सूर चढलेला, एका दमात पाचदहा वेळा, तिन्हीसांजेला आणि पहाटे. रानपिंगळा : हळू सुरुवात, मग गाडी उतारावर लागल्यासारखी घाई. लहान शिंगवाल्या पिंगळ्यांत एक 'वट्?' असा एकच प्रश्न विचारून थांबतो, दुसरा टोक्-टोरोक् असं तीन ठोक्यांत बोलतो. रानातलं मोठं शिंगवालं घुबड दोन खोल घुमारे देतं, मधे दोनेक सेकंदांची पोकळी. तेच कधी माणसाच्या किंकाळीसारखं ओरडतं. ती किंकाळी एवढी मोठी असते की घुमाऱ्यासाठी लावलेल्या गेनवर फाटते. दोन चॅनेल असतील तर दुसऱ्यावर गेन १५ डेसिबलने कमी ठेवा, तिथे ती वाचते.

चुका : बेडूकमुख्या या रातपक्ष्याचं खाली घसरत येणारं हसू घुबडाच्या नावावर जमा होतं. रातव्यांची चुक-चुक-चुकही. भातकापणीच्या दिवसांत राखणीला बसलेले लोक डबे बडवतात, फटाके लावतात, ते आवाज मैलभर जातात. नोव्हेंबरात रात्रीच्या फाइलीत त्यांना पर्याय नाही. पहाटेची घुबडं घ्यायची तर देवळातला लाउडस्पीकर सुरू व्हायच्या आत, साडेचार ते साडेपाच.

ऑडिओखोका

झाडाला बांधायच्या रेकॉर्डरबद्दल. ऑडिओमॉथ हा सगळ्यात स्वस्त पर्याय, काड्यापेटीएवढी पट्टी, तीन डबल-ए सेल, मायक्रो एसडी कार्ड. बंद डब्यातले सॉंग मीटर मायक्रो, मिनी हे जास्त सोयीचे पण महाग.

कार्डाचा हिशेब : ३२ किलोहर्ट्झ, १६ बिट, एका चॅनेलला तासाला २३० एमबी. शिकारी पक्ष्यांना ३२ पुरून उरतं, कारण त्यात १६ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज येतो. संध्याकाळी ६ ते ९ आणि पहाटे ४:३० ते ७, रोज साडेपाच तास, म्हणजे दिवसाला सव्वा जीबी. ३२ जीबीचं कार्ड पंचवीस दिवस जातं. तीन आठवड्यांनी कार्ड आणि सेल दोन्ही बदला, हिशेब डोक्यात ठेवायला नको. नुसती घुबडं हवी असतील तर १६ किलोहर्ट्झवर कार्ड दुप्पट चालेल.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते घड्याळात. ऑडिओमॉथचं वेळापत्रक मुळात जागतिक वेळेत असतं. ॲपमध्ये स्थानिक वेळ निवडली नाही आणि संध्याकाळी ६ टाकले, तर खोका आपल्या रात्री साडेअकराला जागा होतो. फाइलीचं नावही त्याच वेळेचं. पहाटेच्या फाइलीत शेकरू ऐकू आलं की समजा साडेपाच तासांचा घोळ आहे. आणि सेल काढले की घड्याळ जातं, त्यामुळे सेल बदलल्यावर दरवेळी लॅपटॉप किंवा मोबाइलच्या चाइम ॲपने वेळ पुन्हा द्यावी लागते.

गेनला पाच पायऱ्या आहेत, मधलीवरून सुरुवात करा. बांधायची उंची अडीच-तीन मीटर. माइकचं भोक वाटेपासून आणि ओढ्यापासून दुसरीकडे. बुंधा मांडीएवढाच घ्या. जाड बुंधा मागचा अर्धा आवाज अडवतो. खिळा मारायचा नाही, पट्ट्याने बांधायचं.

हाच खोका ३८४ किलोहर्ट्झपर्यंत जातो, म्हणून कुणीतरी भीमगडच्या बारापेडे गुहांतल्या वटवाघळांचा विषय काढेलच. तो वेगळा धागा, वेगळी परवानगी.

मलप्रभाकाठ

भर घालतो. झिप-लॉक पिशवीत घालून बांधाल तर वरचे आवाज दबतात आणि थेंब पडला की ढोल. कडक डबा घ्या, माइकपुढे पाणी न शिरणाऱ्या जाळीचा तुकडा, आत सिलिका जेलच्या दोन पुड्या. मुंग्या माइकच्या भोकात घर करतात. पट्ट्याला दोन्ही बाजूंनी ग्रीसचं बोट फिरवा. वानरं लोंबणारं काहीही ओढतात, पट्ट्याची शेपटी कापून टाका. गवे बुंध्याला अंग घासतात, त्यासाठी उंची हाच उपाय.

जून ते सप्टेंबर खोके घरी आणा. कणकुंबीच्या पावसात सिलिका जेल दोन दिवस टिकत नाही. साध्या कंडेन्सर माइकमध्ये दमट हवा शिरली की चणे फुटल्यासारखी फटफट सुरू होते. आरएफ पद्धतीचे माइक, म्हणजे सेनहायझरची एमकेएच मालिका, यात टिकतात, पण ते आपल्या खिशातले नव्हेत. फटफट सुरू झाली तर हेअर ड्रायर लावू नका. तांदळाच्या डब्यातही नको, भुकटी आत जाते. सिलिका जेलच्या बंद डब्यात रात्रभर.

भृंगराज

आता तुमच्या दुसऱ्या फाइलीकडे. ती सर्पगरुडाची नाही.

सव्वासहाला, अंधारात, झाडाच्या मध्यावरून सर्पगरुड? तो फांदीवरून बोलतो, अशक्य नाही. पण पुढे ऐका. ०:०८ ला सर्पगरुडाची शीळ. ०:११ ला शिक्र्याची टि-टूई. ०:१३ ला बिजागरी करकरल्यासारखा धातूचा आवाज. ०:१६ ला पुन्हा सर्पगरुड. चारही आवाजांची पातळी −१४ च्या आसपास, हेडफोनमध्ये चारही एकाच जागेवरून. हा भृंगराज, कोतवालाच्या जातीचा नकल्या पक्षी. पहाटे सगळ्यात आधी उठून दुसऱ्यांचे आवाज काढत बसणं हा त्याचा धंदाच आहे.

ऑडॅसिटीत किंवा रेव्हन लाइटमध्ये स्पेक्ट्रोग्राम (आवाजाचं चित्र) काढा आणि पहिल्या फाइलीशेजारी ठेवा. पहिलीत प्रत्येक शिळेच्या मागे धुरकट शेपूट आहे, कारण आवाज दरीत आपटून, झाडांतून गाळून आलाय. कडा पुसट. शिळांची पातळीही वरखाली होते, पक्षी घिरटीत कधी तोंड करतो कधी पाठ. दुसरीत कडा सुरीने कापल्यासारख्या, शेपूट नाही. वीस-पंचवीस मीटरवरून आलेला आवाज आहे तो.

शिक्र्याच्या बाबतीत आणखी काळजी. साधा कोतवालही शिक्र्यासारखा बोलतो, हरेवाही. नुसत्या टि-टूईवर शिक्रा नोंदवू नये. आवाजावरून पक्षी ओळखणारी ॲपं, मर्लिन किंवा बर्डनेट, 'सर्पगरुड' म्हणतील, कारण बर्डनेट तीन-तीन सेकंदांचे तुकडे स्वतंत्र तपासतं. त्याला ०:०८ आणि ०:११ एकाच चोचीतून आले हे कळायचा मार्ग नाही. ते तुम्हीच बघायचं.

म्हणून प्रत्येक फाइलीच्या शेवटी, पक्षी गप्प झाल्यावर पाच सेकंद थांबून बोला : तारीख, वेळ, जागा, पक्षी दिसला की नुसता ऐकला, बसलेला की उडता, अंदाजे अंतर, दिशा, माइक कुठला. 'दिसला' हा एक शब्द दहा स्पेक्ट्रोग्रामच्या तोलाचा आहे.

जांबोटीरोड

बापरे. म्हणजे पहाटेच्या बाकीच्या फाइलीपण तपासाव्या लागतील. एक विचारतो, मोबाइलवरून सर्पगरुडाचा आवाज वाजवला तर तो जवळ येतो असं वाचलं. त्याने अंतराचा प्रश्न सुटेल ना?

उषाताई_खानापूर

नको. हद्दीत दुसरा पक्षी घुसला असं समजून तो घरटं, अंडी, शिकार सोडून येतो. आणि जो आवाज मिळतो तो चिडलेल्या पक्ष्याचा, नेहमीचा नाही. फाइल म्हणूनही तिची किंमत कमी. घुबडांना तर अजिबात नको, लहान घुबड बोलावून आणाल आणि मागून मोठं येईल. एखादा गरुड तुमच्याकडेच बघून सारखा ओरडत असेल तर जवळ घरटं आहे. सामान आवरा आणि आल्या वाटेने परत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना त्रास देणं धरलंय.

परवानगीचं : भीमगड २०११ मध्ये अभयारण्य झालं, १९० चौरस किलोमीटर. तिथे अभ्यासासाठी शिरायचं तर याच कायद्याच्या कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना लागतो. सुरुवात खानापूरच्या रेंज ऑफिसातून करा. अर्जात तारखा, जागा, सामानाची यादी, खोके बांधणार असाल तर प्रत्येकाचं ठिकाण लिहा. बिनपरवाना खोका सापडला तर तो जप्त होतो, आणि गार्डची चूक नसते. कॅमेऱ्यासारखी वस्तू झाडावर दिसली तर तो दुसरं काय करणार? अर्ज कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत द्या. मराठीतल्या अर्जाचं काय होतं यावर इथे शंभर प्रतिसादांचा धागा आधीच आहे, तो उकरू नये.

आणि चोर्ल्याच्या माथ्यावर मोबाइलचा नकाशा उघडा ठेवा. पावलागणिक राज्य बदलतं. गोव्याकडे म्हादई अभयारण्य, महाराष्ट्राकडे तिलारी. इकडचा परवाना तिकडे चालत नाही. गरुडाला नसेल हद्द, तुम्हाला आहे.

कंडेन्सर

फाइल घरी आणल्यावर काय, ते राहिलं. मूळ फाइलीला हात लावायचा नाही, तिची प्रत काढून काम. आवाजाच्या आधी आणि नंतर तीन-तीन सेकंद ठेवून कापा. दिवसाच्या पक्ष्याला २५० हर्ट्झखाली कात्री चालेल, घुबडाला नको. शेवटी सगळ्यात मोठी टोकं −३ डेसिबलवर आणा. 'नॉइज रिडक्शन'चं बटण दाबू नका. सूं जातो, पण शिळेच्या कडा बुडबुड्यांसारख्या होतात आणि भृंगराज म्हणतात ती शेपूट पुसली जाते. ओळख पटवायचा पुरावाच गेला.

मग पक्ष्यांच्या आवाजांच्या ऑनलाइन संग्रहात टाका, झेनो-कँटोवर किंवा ईबर्डवरून मॅकॉले लायब्ररीत. घरट्याजवळची फाइल असेल तर ठिकाण तालुक्यापुरतं लिहा, झाडापर्यंत नको.

जांबोटीरोड

सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं : ५६ सेंटिमीटरची छत्री घरी करतो, एक ईएम२७२ तिच्यात, दोन वेगळ्या फळीवर घुबडांसाठी. खोका परवाना आल्यावर. पहाटेच्या सगळ्या फाइलींवर तूर्त 'भृंगराज?' लिहून ठेवलंय. येत्या शनिवारी चोर्ल्याच्या सड्यावर पहिली चाचणी.

घाटमाथा

शनिवारी नको हो. शनिवार-रविवार सकाळी आठपासून गोव्याला जाणाऱ्या गाड्यांची रांग असते, प्रत्येक वळणावर हॉर्न. मंगळवारी जा. आणि छत्रीची मागची बाजू मॅट हिरवी रंगवून घ्या, चकाकी दोन डोंगरांवरून दिसते.

छत्रीकर

मागची रंगवा, पण मधे तळहाताएवढी जागा कोरी ठेवा. पारदर्शक पॉलिकार्बोनेट असेल तर तिच्यातून पक्षी दिसतो, नेम धरायला वेगळं काही लागत नाही.